सुलेखनासाठी शिष्यवृत्ती: मुंबईत राहून कुठे, कशी आणि कोणत्या नावाने मागायची

फक्त सुलेखनासाठी म्हणून ठेवलेली शिष्यवृत्ती शोधायला बसलात, तर दोन-तीन संध्याकाळी वाया जातील आणि हाती फारसं काही लागणार नाही. पैसा मात्र आहे. तो उपयोजित कला (अप्लाइड आर्ट), दृश्यकला, पारंपरिक कला, पुराभिलेख (जुनी दप्तरं), शिलालेख, टाइप डिझाइन (फॉन्ट घडवणं) अशा नावांखाली ठेवलेला असतो. सुलेखनकार अच्युत पालव यांचं उदाहरण घ्या. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरुणपणी त्यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला तो उल्का या जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर. ‘मला अक्षर सुंदर काढायला शिकायचंय’ म्हणणाऱ्याला पैसे देणारा क्वचितच भेटतो. ‘या लिपीचं, या काळातलं, हे काम मला करायचंय’ म्हणणाऱ्याला भेटतो. पुढचं सगळं याच अंगाने वाचा.

फॉर्म उघडण्याआधी

वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा: वय, सध्याचं शिक्षण (मान्यताप्राप्त पदवी-पदविका की खासगी क्लास), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न व प्रवर्ग, आणि तुम्हाला शिकायचं आहे की संशोधन करायचं आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेक जण तोच सोडून देतात. शिकण्यासाठीच्या योजना वेगळ्या असतात, संशोधनाच्या वेगळ्या. एकीचा अर्ज दुसरीच्या भाषेत लिहिला, तर तो पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो.

शाळकरी मुलांसाठी

१० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि शिवाय गुरूची किंवा क्लासची प्रत्यक्ष फी ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. देशभरात अशा ६५० शिष्यवृत्त्या असतात. संगीत-नृत्याची मुलं अर्थातच जास्त येतात, पण चित्रकला आणि हस्तकलाही त्यात आहे. मूल नुसती अक्षरं काढत असेल तर अर्ज चित्रकलेत करा आणि नमुन्यांत अक्षरांबरोबर रचना, रंग, नक्षी असलेली कामंही ठेवा. रक्कम लहान वाटेल. खरा फायदा असा की मुलाची निवड टिकली तर मदत पुढे बरीच वर्षं सुरू राहते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती नाही, पण पुढच्या प्रत्येक अर्जात कामाला येते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. यातला भूमिती व अक्षरलेखनाचा पेपर मुलं रडतरखडत देतात. सुलेखनाची ओढ असलेल्याने तिथेच जीव ओतावा. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ गुण वाढतात हा वरचा फायदा, आणि ते प्रमाणपत्र पुढे ‘कलेचं औपचारिक शिक्षण’ या रकान्यात बसतं.

पदवीला असाल तर

मुंबईत सुलेखन आणि टायपोग्राफी रीतसर शिकायची सरळ वाट म्हणजे उपयोजित कलेची पदवी. जेजे (सर जे. जे. कला महाविद्यालय, १८५७ सालची संस्था, सीएसएमटीसमोर), प्रभादेवीचं रचना संसद, एल. एस. रहेजा, सोफिया पॉलिटेक्निक ही ओळखीची नावं. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले प्रवेश आणि शुल्क यांचे नियम सीनिअरच्या तोंडून ऐकू नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

इथे पैसा महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येतो. कला संचालनालयाच्या यादीत दोन योजना बघा: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पहिलीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागासवर्ग यांच्या मॅट्रिकोत्तर योजना त्या त्या विभागाच्या नावाखाली वेगळ्या असतात आणि त्यांच्या मर्यादाही वेगळ्या. आपण कोणत्या विभागात मोडतो ते न पाहता पहिली दिसलेली योजना निवडणं हा इथला नेहमीचा घोळ.

महाडीबीटीत अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, नगरसेवकाचं पत्र चालत नाही. उपनगरात राहत असाल तर अंधेरी, बोरिवली की कुर्ला, यातलं आपलं तहसील कोणतं ते शिधापत्रिकेच्या पत्त्यावरून ठरवा. आपले सरकार पोर्टलवरून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपणारी असेल तर नव्या वर्षासाठी नवा दाखला काढावा लागतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यातच हे उरकून घ्या. जुलैत कॉलेज सुरू झाल्यावर केंद्राबाहेर रांग असते. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते आधार-सीडेड असावं लागतं, म्हणजे सरकारी पैसा याच खात्यात यावा अशी नोंद झालेली हवी. बँकेत जाऊन नेमकं हेच विचारा. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं हवं. मधलं नाव कुठे आहे, कुठे गाळलंय, ‘श्री’चं स्पेलिंग कुठे एस-एच-आर-आय आणि कुठे एस-एच-आर-डबल ई. अक्षरांत बारकावे शोधणाऱ्यांनी हा बारकावा आधी तपासावा.

ऑनलाइन सबमिट झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथले शिष्यवृत्ती पाहणारे क्लार्क तो पुढे ढकलत नाहीत तोवर तो तिथेच. दर आठवड्याला स्टेटस बघा आणि ‘परत पाठवला’ दिसलं की त्याच दिवशी दुरुस्त करा.

पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र (स्थापना १९६९) ही दुसरी वाट. सुलेखनकार र. कृ. जोशी तिथे शिकवायचे, आणि ज्या ‘मंगल’ फॉन्टवर एक अख्खी पिढी संगणकावर मराठी वाचायला शिकली तो त्यांच्याच हातचा. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा. अक्षराकडून टाइप डिझाइनकडे जायचं असेल तर या दिशेने विचार करा. आयआयटीत एकदा आत गेल्यावर फीमाफी आणि सहायकवृत्तीचे (असिस्टंटशिपचे) मार्ग असतात. खरी कसोटी आत जायची आहे.

क्लासला जाणाऱ्यांसाठी: १८ ते २५

बरेच जण कॉलेजात कॉमर्स करतात आणि शनिवार-रविवार कुणाकडे तरी अक्षर शिकतात. या क्लाससाठी त्यांना महाडीबीटीचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे: दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, सहामाही चार हप्त्यांत. एकूण १,२०,००० रुपये. देशभरात ४००. अट अशी की गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिकलेलं असावं.

या पाच वर्षांच्या अटीवर अनेकांचं घोडं अडतं. सुलेखनाचा क्लास सहसा काही महिन्यांचा असतो आणि मुलं एका गुरूकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून पहिल्या क्लासपासून कागद जपा: फीच्या पावत्या, कार्यशाळेची प्रमाणपत्रं, प्रदर्शनाची पत्रकं. वेगवेगळ्या शिक्षकांची पत्रं जोडून पाच वर्षांची सलग रेघ दाखवता आली पाहिजे. पत्र मागताना शिक्षकांना ‘हा मुलगा होतकरू आहे’ असं लिहायला लावू नका. ‘अमुक साली आला, बोरूने देवनागरीचं मूळ वळण शिकला, नंतर फ्लॅट ब्रश, गेल्या वर्षी मोडीची बाराखडी’ असं क्रमवार पत्र हवं.

कोणत्या विभागात अर्ज करायचा? दृश्यकलेत चित्रकला, शिल्पकला, ग्राफिक्स वगैरे विषय येतात. ‘ग्राफिक्स’ वाचून हुरळू नका. सरकारी कलेच्या भाषेत त्याचा रोख मुद्राचित्रणाकडे, ठशावरून छापलेल्या चित्रांकडे असतो, म्हणजे लिनो, एचिंग, लिथो. तुमची अक्षरं कॅनव्हासवर, रंगात, चित्र म्हणून उभी राहत असतील तर चित्रकला घ्या. पोथीलेखन, मोडी, जुन्या शाई-कागदाची परंपरा हे तुमचं काम असेल तर लोक व पारंपरिक कलांचा विभाग जास्त जवळचा. दोन्हीकडे पाय ठेवून अर्ज करू नये.

उर्दू खत्तातीकडे (सुलेखनाकडे) ओढा असलेल्यांनी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेकडे बघावं. सुलेखन व ग्राफिक डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम ही परिषद देशभर केंद्रांमार्फत चालवते. देवनागरीवाल्यांच्या वाट्याला अशी सोय आलेली नाही, याचं मला नेहमी वैषम्य वाटतं.

संशोधनासाठी: इथेच खरी रक्कम आहे

सांस्कृतिक मंत्रालयाच्याच फेलोशिपा दोन. कनिष्ठ, वय २५ ते ४०, दरमहा १०,००० रुपये. ज्येष्ठ, वय ४० च्या वर, दरमहा २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांसाठी, म्हणजे एकूण २,४०,००० आणि ४,८०,०००. आकडे आणि तारखा त्या वर्षीच्या जाहिरातीत पुन्हा पाहून घ्या.

या योजनेच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की फेलोशिप प्रशिक्षण घेण्यासाठी, कार्यशाळा भरवण्यासाठी किंवा आत्मचरित्र लिहिण्यासाठी नाही. तरीही ‘मी शंभर शाळांत सुलेखन कार्यशाळा घेईन’ छापाचे प्रस्ताव लोक हौसेने पाठवतात. मंत्रालयाला हवा आहे अभ्यास. विषयांच्या यादीत शिलालेखशास्त्र आहे, कला-वारशाचं व्यवस्थापन आहे, संस्कृतीत विज्ञान-तंत्रज्ञानाचा वापर आहे. सुलेखनकाराला आत शिरायला जागाच जागा.

प्रस्ताव कसा लिहायचा ते एका उदाहरणाने बघू. पहिला मसुदा बहुतेकांचा असा असतो:

‘देवनागरी ही आपली प्राचीन व समृद्ध लिपी आहे. आजच्या मोबाइलच्या युगात हस्ताक्षर लोप पावत आहे. सुलेखनाच्या माध्यमातून ही कला जागतिक पातळीवर नेण्याचा माझा मानस आहे.’

यात खोटं काही नाही, पण परीक्षकाला धरायलाही काही नाही. कोणती अक्षरं, कुठली, कोणत्या काळातली, कशी तपासणार, शेवटी हातात काय देणार, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. तोच माणूस असं लिहू शकतो:

‘गिरगाव, दादर आणि लालबाग-परळ भागांतील हाताने रंगवलेल्या देवनागरी दुकानपाट्यांचा अभ्यास. छापील व्हायनल फलकांच्या आधीच्या, अजून जागेवर असलेल्या पाट्यांचं छायाचित्रण व मोजमाप. शिरोरेषेची जाडी, कान्याची उंची, वेलांटी आणि मात्रेचं वळण यांनुसार वर्गीकरण. हयात पेंटरांच्या मुलाखती. अखेरीस ट्रेसिंगसह अहवाल आणि निवडक तीन वळणांच्या पूर्ण बाराखड्या.’

हा प्रस्ताव हातात धरता येतो. पाट्यांऐवजी तुम्ही कान्हेरी घ्याल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या लेण्यांत ब्राह्मी लेख मोठ्या संख्येने आहेत आणि अकराव्या शतकातले पहलवी (जुन्या इराणी लिपीतले) लेखही आहेत. एकाच डोंगरावर दगडात कोरलेल्या दोन सर्वस्वी वेगळ्या लिपी, तिकिटाच्या अंतरावर. छिन्नीने कोरलेल्या अक्षराचं वळण बोरूच्या वळणापासून कुठे फारकत घेतं, हा प्रश्न सुलेखनकाराइतका नीट दुसरा कोण विचारणार? पुरातत्त्ववाल्यांनी मजकूर वाचून ठेवला आहे, अक्षराच्या अंगाने पाहायला वाव आहे. किंवा मोडी घ्या. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथल्या कागदांतली चिटणिशी वळणाची अक्षरं बघा. मोडीचे प्रशिक्षण वर्गही संचालनालय घेतं. प्रस्तावाआधी वर्ग पूर्ण करून प्रमाणपत्र जोडलंत तर ‘याला मोडी वाचता येते का’ ही शंका उरत नाही.

प्रस्तावात काम सहा-सहा महिन्यांत वाटून दाखवा, कारण अहवालही त्याच बेताने द्यायचे असतात. पहिल्या सहामाहीत जागा आणि परवानग्या. हा भाग कुणी लिहितच नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत ठसे घेणं, तिपाई लावून फोटो काढणं यासाठी लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. एशियाटिक सोसायटीत किंवा पुराभिलेखात कागद पाहायचे असतील तरी आधी अर्ज आणि ओळखपत्र. हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं दिसलं, तरी परीक्षकाचा विश्वास बसतो. एशियाटिकच्या स्वतःच्या संशोधन फेलोशिपाही असतात, टाउन हॉलच्या पायऱ्या चढलात की चौकशी करून या.

पोर्टफोलिओ

नमुने दहा-बारा पुरेत. त्यात किमान दोन पानं नुसत्या सरावाची ठेवा: एकाच निबने काढलेलं ‘क’ ते ‘ज्ञ’, मधे रेघा पुसलेल्या नाहीत, शाई वाढल्याच्या खुणा तशाच. परीक्षकांत कुणी जाणकार असेल तर तो गणपतीच्या आकारात बसवलेल्या श्लोकापेक्षा हेच पान जास्त वेळ बघतो. ‘ळ’ आणि ‘श’च्या गाठी, ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी कान्याला कुठे भेटते, यावरून हात कळतो. देवनागरीसाठी बोरू रोमन निबच्या उलट तिरपा कापतात. रोमन कटनिब घेऊन काढलेल्या देवनागरीत जाड-बारीक भलतीकडे पडतं आणि ते लांबून ओळखू येतं.

शेरोशायरी, ‘आई’, विठ्ठल, शिवराय यांवाचून एकही काम नसेल तर थोडं थांबून विचार करा. विषय वाईट नाहीत, पण परीक्षकासमोरच्या प्रत्येक फाइलीत तेच असतात. एखादा पानभर गद्य मजकूर सलग लिहून ठेवा: दोन ओळींतलं अंतर, शब्दांमधली जागा आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकलेलं वळण त्यातच दिसतं.

काम स्कॅन करा, किमान ३०० डीपीआयवर. मोठं असेल तर भर दुपारी खिडकीजवळ, सावलीत, कॅमेरा कागदाशी समांतर धरून फोटो काढा. फिल्टर नको. प्रत्येक नमुन्याखाली साधन, कागद, आकार, वर्ष लिहा. कोरेल किंवा इलस्ट्रेटरमध्ये ट्रेस केलेलं काम हाताचं म्हणून देऊ नका. मुलाखतीत पेन हातात देऊन ‘दोन ओळी लिहा’ म्हणू शकतात. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात काम लागलं असेल तर कॅटलॉगचं ते पान जोडायला विसरू नका.

परदेशी जायचं असेल तर

इथे पुन्हा तोच नियम: विषयाचं नाव बदलून बघा. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचा टाइपफेस डिझाइनचा एमए भारतीय लिपींवर काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे, आणि रेडिंग हे फेलिक्स शिष्यवृत्ती चालणाऱ्या मोजक्या विद्यापीठांपैकी एक. फेलिक्स भारतीय पदवीधरांसाठी आहे, पदवी प्रथम श्रेणीची हवी. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला, हस्तव्यवसाय, वारसा या क्षेत्रांतल्या भारतीयांना ब्रिटनमधल्या शिक्षणासाठी आणि छोट्या संशोधन दौऱ्यांसाठी मदत देतो. पूर्ण खर्च तिथून निघेल या हिशेबाने जाऊ नका, दुसरा आधार हाताशी ठेवा.

तो दुसरा आधार मुंबईतच आहे. फोर्टमधलं जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्चशिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्तीही पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. ही रक्कम परत करायची असते, हे घरी आधीच नीट सांगा.

शोदो, म्हणजे जपानी सुलेखन, शिकायचं असेल तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती बघा. संशोधक विद्यार्थ्यांच्या गटात वय ३५ च्या आत हवं आणि मुंबईतली चौकशी पेडर रोडच्या जपानी वकिलातीत. तोक्योच्या दाइतो बुंका विद्यापीठात सुलेखनाचा स्वतंत्र विभाग आहे, असा विभाग जगात फार ठिकाणी नाही. अरबी खत्तातीत हात बसलेल्यांनी इस्तंबूलच्या इर्सिका या इस्लामी इतिहास-कला-संस्कृती संशोधन केंद्राची आंतरराष्ट्रीय सुलेखन स्पर्धा लक्षात ठेवावी. १९८६ पासून ती भरते. तिथलं बक्षीस पुढच्या कुठल्याही अर्जात स्वतःच बोलतं.

जाहिरातसंस्था, फाउंड्री आणि शिक्षक

सरकारी पैसा सहा महिने उशिरा येतो असं धरूनच चाला. मधल्या काळासाठी थेट विचारणा हा मार्ग मुंबईत अजून चालतो. मुंबईतल्या फॉन्ट फाउंड्रींना (फॉन्ट बनवणाऱ्या संस्थांना), उदाहरणार्थ ‘एक टाइप’ला, इंटर्नशिपसाठी लिहा. देवनागरीचं वळण समजणारा हात त्यांना उपयोगी पडतो. ईमेल दहा ओळींच्या वर नको, सोबत तीनच नमुने. शिक्षकांकडे फीसवलत मागायला लाजू नका, पण बदल्यात काय करू शकता ते सांगा: कार्यशाळेत साहित्य मांडणं, बोरू कापून ठेवणं, जुन्या कामाचं स्कॅनिंग. आपल्याकडे शिकण्याची ही रीत जुनीच आहे.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आलं की त्यातली हमीपत्राची आणि बँक तपशिलाची मुदत पहिल्यांदा बघा. एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुधा चालत नाहीत, म्हणून महाडीबीटी चालू असताना दुसरी मिळाली तर कॉलेजला आणि नव्या संस्थेला लेखी कळवून एक सोडा. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर आयकर लागत नाही, तरी मंजुरीपत्राची प्रत कराच्या फाइलीत असू द्या. फेलोशिपचा विषय थोडासुद्धा बदलावासा वाटला तर आधी परवानगी घ्या. पाट्यांचा अभ्यास घेऊन मोडीचा अहवाल पाठवलात तर पुढचा हप्ता अडकतो, आणि तो सोडवायला दिल्लीला लागणारे फोन तुम्हालाच करावे लागतात.